चष्मा सोडून कॉन्टॅक्ट लेन्स घ्यावी की नाही, हे कशावरून ठरवायचं?

तिरकसभिंग

'चष्मा की लेन्स?' हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्या तरी धाग्यावर उगवतो आणि 'मला झेपली', 'मला नाही झेपली' एवढ्यावर विरतो. म्हणून हा वेगळा धागा. आपापल्या कहाण्या नकोत. नंबर, तास, पद्धत आणि नेहमीच्या चुका, एवढंच लिहू.

मुळात प्रश्नच चुकीचा विचारला जातो असं माझं मत. लेन्स घेतली तरी चष्मा सुटत नाही. पहाटे उठल्यावर, रात्री झोपण्याआधी, डोळे आले की, रांजणवाडी झाली की चष्मा लागतोच, आणि तोही आजच्या नंबरचा. चार वर्षांपूर्वीचा, काडी तुटलेला चष्मा ड्रॉवरमध्ये असेल तर आधी चष्मा बनवा, मग लेन्सचं बघा. चांगला चष्मा हाताशी नसलेला माणूस लाल डोळ्यातही लेन्स घालत राहतो, आणि मोठे घोळ तिथूनच सुरू होतात.

तेव्हा ठरवायचं ते असं: आठवड्यातले कोणते तास लेन्सचे? फक्त लग्नकार्य आणि रविवारचं क्रिकेट, की रोजचे दहा तास ऑफिस? यावरून लेन्सचा प्रकार ठरतो आणि प्रकारावरून खर्च आणि निगा.

आता नंबर. बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरतो. (तिरक्या रेघेनंतरचा आकडा सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेतला जादा नंबर; × नंतरचा त्याचा अक्ष, म्हणजे दिशा, अंशांत.)
उजवा: −५.७५ / −०.७५ × १८०
डावा: −६.५०

चष्मा डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटरवर असतो, लेन्स थेट बुबुळावर बसते. ४ नंबरापर्यंत या अंतराने फारसा फरक पडत नाही, पुढे पडतो. सूत्र सोपं आहे: चष्म्याचा नंबर भागिले (१ वजा ०.०१२ गुणिले नंबर). उणे नंबर घातला की कंसात बेरीज होते. डाव्या डोळ्याला ६.५० भागिले १.०७८, म्हणजे ६.०३. लेन्स −६.०० ची. चष्म्याचाच नंबर उचलून −६.५० ची लेन्स दिली तर अर्धा नंबर जास्त जातो. लांबचं झकास दिसतं, म्हणून कुणी तक्रार करत नाही, पण संध्याकाळी कपाळ दुखतं आणि दोष कॉम्प्युटरला जातो.

अधिक नंबर असेल तर हेच उलटं: +६.०० चा चष्मा असेल तर लेन्स +६.५० ची.

निशिगंधा_क

धागा उपयोगी. उजव्या डोळ्याचा हिशेब सोडलात पण! सिलिंड्रिकल असलेल्यांना दुकानदार बहुधा 'अर्धा सिलिंडर मिळवून साधी लेन्स देतो' म्हणतात. चालतं का ते?

तिरकसभिंग

मुद्दाम सोडला होता, कारण सगळी भांडणं तिथेच होतात.

सिलिंडर असला की दोन्ही अक्षांचा हिशेब वेगळा करायचा. एका अक्षावर −५.७५, दुसऱ्यावर −६.५०. बुबुळावर आणल्यावर ते होतात −५.३८ आणि −६.०३. फरक उरला ०.६५, म्हणजे सिलिंडरसुद्धा थोडा उतरला. साधी गोल लेन्स द्यायची तर ५.३८ मध्ये त्याचा अर्धा मिळवून ५.७०, म्हणजे −५.७५. टोरिक, म्हणजे सिलिंडरसकट येणारी लेन्स, द्यायची तर −५.५० / −०.७५ × १८०.

०.५० पर्यंतचा सिलिंडर साध्या लेन्समध्ये खपून जातो. ०.७५ ला मी दोन्ही ट्रायल घालून बघायला सांगेन. १.०० च्या पुढे साधी लेन्स म्हणजे नुसती तडजोड.

खटपट्या

०.७५ लाही सरळ टोरिकच घ्या. दिवसा उजेडात बाहुली बारीक असते, त्यामुळे साध्या लेन्सने फळ्यावरच्या सगळ्या ओळी वाचता येतात आणि माणूस खूश होऊन घरी जातो. रात्री बाहुली मोठी होते, आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याला शेपूट फुटतं, पाट्यांवरच्या अक्षरांना सावली येते. दुकानात ट्रायल दिवसाच होते ना? तिथेच फसगत. रात्री गाडी चालवणार असाल तर ट्रायल घालून अंधार पडल्यावर रस्त्यावर उभं राहून पाटी वाचून बघा.

तिरकसभिंग

मान्य. पण टोरिकची दुसरी बाजूही लिहा. टोरिक लेन्स डोळ्यात फिरता कामा नये. १० अंश फिरली तर सिलिंडरचा साधारण एकतृतीयांश परत शिल्लक राहतो, ३० अंश फिरली तर सिलिंडर घातला काय नि न घातला काय, सारखंच. ०.७५ च्या लेन्सला १० अंशांनी पाव नंबर बिघडेल, ते कळणारही नाही. २.२५ च्या लेन्सला तेवढ्यानेच डोकं धरेल. म्हणून टोरिक बसवल्यावर निदान १५-२० मिनिटं थांबून, लेन्सवरची बारीक खूण स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली) कुठे स्थिरावते हे बघितलं पाहिजे. दोन पापण्या मिटवून 'झालं' म्हणणाऱ्याकडून टोरिक घेऊ नये.

शिवाय तयार टोरिकमध्ये बहुतेक ठिकाणी सिलिंडर ०.७५, १.२५, १.७५, २.२५ असेच मिळतात आणि अक्ष १० अंशांच्या टप्प्याने. गोल नंबरही −६.०० च्या पुढे बऱ्याच ब्रँडमध्ये अर्ध्या अर्ध्याने चढतो. −८.०० चा चष्मा असेल तर हिशेबाने ७.३० येतं, पण हातात येणार ७.०० किंवा ७.५०.

सोनचाफा

फिटिंगला गेल्यावर नक्की काय काय व्हायला हवं? म्हणजे काय झालं नाही तर उठून यायचं?

तिरकसभिंग

उठून यायचं :) हे आवडलं.

१. चष्म्याचा नंबर नव्याने. वर्षापूर्वीच्या कागदावरून नाही.

२. बुबुळाचा बाक मोजणं, म्हणजे केरॅटोमेट्री. यंत्रात हनुवटी ठेवायची, दोन मिनिटांचं काम. याच्यावरून लेन्सचा बेस कर्व्ह, म्हणजे आतल्या बाजूचा बाक, निवडतात, ८.४, ८.६ वगैरे. लेन्स घट्ट बसली तर पहिल्या दिवशी फार आरामशीर वाटते, आणि हीच गंमत आहे. ती हलत नाही, खालचे अश्रू बदलत नाहीत, संध्याकाळी डोळा लाल होतो आणि काढल्यावर पांढऱ्या भागावर कडेचा वळ दिसतो. सैल बसली तर पापणी मिटली की घसरते, नजर क्षणभर धूसर होते.

३. अश्रूंची तपासणी. डोळ्यात पिवळा रंग टाकून पापणी न मिटता बघायला सांगतात आणि अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते मोजतात. १० सेकंदांच्या आत फाटला तर कोरडेपणा आधी सुधारायचा. हा रंग मऊ लेन्सला कायमचा लागतो, त्यामुळे तपासणी लेन्स घालण्यापूर्वी करायची आणि नंतर डोळा धुवायचा.

४. पापण्या उलटून बघणं. वरच्या पापणीच्या आत दाणे असतील किंवा पापण्यांच्या मुळाशी कोंडा असेल तर लेन्स पुढे ढकलायची. हीच पायरी बहुतेक जण गाळतात.

५. ट्रायल लेन्स घालून २० मिनिटांनी परत स्लिट लॅम्प. पापणी मिटल्यावर लेन्स किंचित, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत हलली पाहिजे.

६. तुमच्या हाताने घालणं आणि काढणं, दोन्ही निदान दोनदा. काढता न येणाऱ्याला लेन्स देऊन घरी पाठवणं हा गुन्हाच म्हणायला हवा.

७. लेखी कागद: ब्रँड, नंबर, बेस कर्व्ह, व्यास, बदलायची मुदत. यातलं एक बदललं की ती दुसरी लेन्स झाली. 'तेच आहे, फक्त कंपनी वेगळी' याला हो म्हणू नका.

आठवड्याने परत दाखवायला बोलावलं नाही तर स्वतः जा.

मुक्काम_पोस्ट

रोज फेकायची परवडते की महिन्याची? किमती दुकानागणिक बदलतात, म्हणून नुसते नग मोजतो, भाव ज्याने त्याने भरावेत.

रोजच्या: वर्षभर रोज, दोन्ही डोळे = ७३० लेन्स. आठवड्यात तीनच दिवस = ३१२. सोल्यूशन नाही, डबी नाही.

महिन्याच्या: २४ लेन्स. डबीचे दोन खण भरायला साधारण ६ मिली, चोळायला-खंगाळायला ३-४ मिली, म्हणजे दिवसाला १० मिली धरा. ३०० मिलीची बाटली महिनाभर, वर्षाला १२ बाटल्या. वर डब्या ४.

लोक चुकतात ते पुढे. महिन्याची लेन्स म्हणजे पाकीट उघडल्यापासून ३० दिवस. ३० वेळा घालणं नव्हे! आठवड्यातून दोनदा घालणारा म्हणतो, 'माझी तीन महिने जाते'. जात नाही. प्लॅस्टिकवर प्रथिनं चढत राहतात, डबीत पडून राहिलेल्या सोल्यूशनची जंतू मारायची ताकद उतरते. त्यामुळे कधीतरीच घालणाऱ्याने महिन्याची घेणं म्हणजे पैसेही घालवणं आणि डोळ्यालाही ताप. आठवड्यात दोन-तीन दिवस असेल तर डोळे मिटून रोजची. रोज दहा तास असेल तर मग भाव लावून बघा.

खटपट्या

वर्षाची लेन्स अजून मिळते बाजारात. स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, एवढंच लिहितो.

निशिगंधा_क

मटेरियलबद्दल कुणी लिहील का? पाकिटावर हायड्रोजेल, सिलिकॉन हायड्रोजेल असं असतं. जास्त पाण्याची लेन्स कोरड्या डोळ्याला चांगली, हे खरं?

तिरकसभिंग

उलट आहे बऱ्याचदा.

बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, कॉर्नियात, रक्तवाहिन्या नसतात. त्याला प्राणवायू थेट हवेतून अश्रूंमार्फत मिळतो. लेन्स म्हणजे त्याच्यावर घातलेलं झाकण. जुन्या हायड्रोजेलमध्ये प्राणवायू पाण्यातूनच जातो, म्हणून कंपन्यांनी पाणी वाढवत नेलं. एटाफिल्कॉन नावाच्या हायड्रोजेलमध्ये ५८ टक्के पाणी आहे. पण ते पाणी एसीत, पंख्याखाली उडतं आणि लेन्स आपली तहान तुमच्या अश्रूंवर भागवते. सिलिकॉन हायड्रोजेल १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलं. त्यात प्राणवायू सिलिकॉनमधूनच जातो, पाणी कमी असलं तरी चालतं. सेनोफिल्कॉनमध्ये ३८ टक्के, लोट्राफिल्कॉन बी मध्ये ३३, कॉम्फिल्कॉनमध्ये ४८.

पाकिटावर किंवा कंपनीच्या माहितीत डीके/टी असा आकडा असतो, तो लेन्समधून प्राणवायू किती जातो याचा. होल्डन आणि मर्ट्झ यांनी १९८४ मध्ये मांडलेली जुनी मर्यादा: उघड्या डोळ्यांनी दिवसभर वापरायला निदान २४, झोपेत वापरायला ८७. मोठ्या उणे नंबराच्या लेन्सची कड जाड असते, तिथे हा आकडा छापलेल्यापेक्षा कमी भरतो, कारण छापलेला बहुतेक −३.०० च्या लेन्सच्या मध्यावरचा असतो. म्हणून वरच्या उदाहरणातल्या ६ नंबरवाल्याने सिलिकॉनच घ्यावी. वर्षानुवर्षं प्राणवायू कमी पडला तर बुबुळाच्या कडेने बारीक रक्तवाहिन्या आत शिरू लागतात. त्या दुखत नाहीत, दिसत नाहीत, स्लिट लॅम्पखालीच कळतात.

सिलिकॉन थोडं ताठ असतं आणि चरबी धरून ठेवतं, हा त्याचा तोटा. तेलकट पापण्या असणाऱ्यांना त्यावर धुकं आल्यासारखं वाटतं. त्यांना रोजची बरी.

(अवांतर: मऊ लेन्सचा जन्म प्रागचा. ओट्टो विख्टरले यांनी १९६१ च्या नाताळात मुलाच्या मेर्कुर खेळण्याचे सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून घरच्या टेबलावर लेन्स फिरवून ओतली. अमेरिकेत परवानगी मिळायला १९७१ उजाडलं.)

काजवा

पाण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून, म्हणून लिहितो. सगळ्यात महत्त्वाचं तेच.

आपल्याकडे सोल्यूशनला सर्रास 'लेन्सचं पाणी' म्हणतात. शब्दच घात करतो. बाटली संपली की 'पाणीच तर आहे' म्हणत माणूस फिल्टरचं पाणी घालतो. नळाचं, फिल्टरचं, उकळून गार केलेलं, बिसलरीचं, कुठलंही पाणी लेन्सला चालत नाही. नळाच्या आणि गच्चीवरच्या टाकीच्या पाण्यात अकांथामीबा नावाचा एकपेशीय जीव असतो. लेन्सला चिकटून तो बुबुळात शिरला की उपचार कित्येक महिने चालतात. संकट आलं की तो स्वतःभोवती कवच करून बसतो, आणि कवचावर बहुतेक औषधं चालत नाहीत. बुबुळावर कायमचं फूल पडू शकतं. म्हणून:

– लेन्स घालून अंघोळ नाही, पोहणं नाही. विहीर, नदी, समुद्र, क्लबचा तलाव, सगळं आलं.
– हात साबणाने धुतल्यावर कोरडे करूनच लेन्सला लावायचे. ओलं बोटही पाणीच.
– डबी नळाखाली धुवायची नाही. सोल्यूशनने खंगाळायची, बोटाने आतून चोळायची, टिशूने पुसायची, टिशूवर उपडी ठेवायची. बाथरूममध्ये नाही. पावसाळ्यात तर नाहीच.
– कालच्या सोल्यूशनवर आजचं ओतायचं नाही. रोज पूर्ण ओतून टाकायचं.
– डबी तीन महिन्यांनी फेकायची. बाटली उघडल्याची तारीख वर पेनने लिहायची, बहुतेकांची मुदत उघडल्यापासून ९० दिवस असते.
– सलाइन म्हणजे सोल्यूशन नव्हे. त्याने धुता येतं, जंतू मरत नाहीत.

'नो रब' (चोळायची गरज नाही) लिहिलेलं असलं तरी तळहातावर घेऊन प्रत्येक बाजू १०-२० सेकंद चोळायची. नुसतं बुडवून ठेवल्याने चिकटलेला थर निघत नाही. मग निदान ६ तास बुडालेली हवी. काही बाटल्यांवर ४ लिहिलेलं असतं, ते चालेल.

सोनचाफा

हायड्रोजन पेरॉक्साइडवालं सोल्यूशन कुणाला?

काजवा

ज्यांना साध्या सोल्यूशनमधल्या रसायनांनी जळजळ होते त्यांना. त्यात ३ टक्के पेरॉक्साइड असतं आणि सोबत येणाऱ्या उभ्या डबीत प्लॅटिनमचा लेप दिलेली चकती. चकतीमुळे सहा तासांत पेरॉक्साइडचं पाणी आणि प्राणवायू होतो, बुडबुडे जायला झाकणाला भोक असतं. साध्या डबीत हे भरलं तर पेरॉक्साइड तसंच राहतं आणि सकाळी लेन्स डोळ्यात गेल्यावर आग होते, बुबुळ सोलवटतं. थेट डोळ्यात टाकणं तर दूरच. घरात दोन माणसं दोन सोल्यूशनं वापरत असतील तर बाटल्या वेगळ्या खोल्यांत ठेवा. हसू नका, लाल टोपण त्यासाठीच असतं.

खटपट्या

घालायची पद्धत कुणी नीट लिहिलेली दिसत नाही, म्हणून.

नखं कापलेली. साधा साबण, क्रीमवाला नाही. टॉवेलचे धागे लागतात, त्यापेक्षा टिशू. आरशाखाली टॉवेल, आणि बेसिनच्या भोकाला बूच लावा.

आधी नेहमी उजवी. क्रम मोडला की डावी-उजवी अदलाबदल झालीच म्हणून समजा. लेन्स तर्जनीच्या टोकावर ठेवून आडवी बघा. वाटीसारखी उभी कड असेल तर सुलटी, बशीसारखी कड बाहेर पसरली असेल तर उलटी. उलटी घातली तर इजा होत नाही, पण टोचत राहते आणि जागेवर बसत नाही. कळत नसेल तर मधोमध हलकेच दुमडा: कडा एकमेकींकडे वळल्या तर सुलटी.

बोट कोरडं, लेन्स ओली. बोट ओलं असलं तर लेन्स बोटालाच चिकटते आणि नवशिक्या दहा-दहा मिनिटं झगडत बसतो. त्याच हाताच्या मधल्या बोटाने खालची पापणी ओढा, दुसऱ्या हाताने वरची पापणी पापण्यांच्या केसांच्या अगदी मुळाशी धरा. वर भुवईशी धरून उपयोग नाही, डोळा मिटतोच. सरळ आरशात बघा, लेन्स टेका, हळूच खाली बघा, मग पापण्या सोडा.

काढताना वर बघायचं, तर्जनीने लेन्स खाली पांढऱ्यावर सरकवायची आणि अंगठा-तर्जनीच्या चिमटीत उचलायची. बुबुळावर असतानाच चिमटा घ्यायचा नाही. कोरडी पडून चिकटली असेल तर ओढू नका: लेन्सवर चालणारे थेंब दोन-तीन टाका, पाच मिनिटं पापण्या मिटत राहा, हलली की काढा.

लेन्स डोळ्यामागे मेंदूकडे जात नाही. पापणीच्या आतलं अस्तर मागे वळून डोळ्यालाच जोडलेलं असतं, तिथे पिशवी बंद होते. हरवली म्हणजे वरच्या पापणीखाली दुमडून बसलीय. खाली बघत वरून हलकं चोळा, खाली येते.

पहिल्या दिवशी चार तास. मग रोज तास-दोन तास वाढवत दहापर्यंत.

मावळतीचा

वय ४३, −६ नंबर. लांबचा त्रास नाही, पण चष्मा जरा खाली सरकवून वाचायची सवय लागली आहे. लेन्स घेऊ का?

तिरकसभिंग

घ्या, पण हे समजून घ्या.

चष्मा खाली सरकवला की उणे नंबर किंचित कमी होतो आणि जवळचं दिसतं. लेन्सला ही सोय नाही. शिवाय −६ च्या चष्म्यातून ३३ सेंटिमीटरवरचं वाचायला डोळ्याला साधारण २.५ डायॉप्टर (नंबराचं माप) जोर लावावा लागतो, लेन्समधून तेच वाचायला २.९. पंचविशीत हा फरक कळतही नाही. तुमच्या वयाला हाच फरक 'लेन्स घातली आणि मोबाइल दिसेना' असा समोर येतो. तुमचे डोळे बिघडले नाहीत, चष्मा जी फुकट मदत करत होता ती गेली.

वाटा तीन. लेन्सवर वाचायचा +१.०० चा साधा चष्मा: सगळ्यात स्वस्त, आणि दृष्टी सगळ्यात स्वच्छ. मोनोव्हिजन: एक डोळा लांबच्यासाठी, दुसऱ्याचा नंबर जवळच्यासाठी थोडा कमी, ऑफिसात बरं पडतं, रात्री गाडी चालवताना खोलीचा अंदाज चुकतो. मल्टिफोकल: दोन्ही अंतरं जमतात, पण अंधारात अक्षरं फिकी पडतात. ट्रायल न घेता मल्टिफोकलचा डबा विकत घेऊ नका.

एका गटाला मात्र लेन्स नुसती सोय नसते, खरी गरज असते: दोन डोळ्यांच्या नंबरात ३-४ चा फरक असणारे. चष्म्यातून दोन प्रतिमा वेगळ्या आकाराच्या पडतात आणि मेंदूला जुळवता येत नाहीत. लेन्सने तो फरक बराच मिटतो.

निशिगंधा_क

स्वयंपाकघर आणि मेकअपबद्दल मी भर घालते.

मिरची चिरल्यावर साबणाने एकदा हात धुऊन काही होत नाही, तिखटपणा पाण्यात विरघळत नाही. आधी हाताला गोडं तेल चोळायचं, मग साबण दोनदा. तेल राहिलं तर ते लेन्सवर चढतं. त्यापेक्षा लेन्स आधी घाला, मग मिरच्या. काढायच्या वेळी हातमोज्यांनी चिरलेलं असलं म्हणजे झालं.

काजळ पापणीच्या आतल्या कडेवर घालू नका. तिथे अश्रूंना तेल पुरवणाऱ्या ग्रंथींची तोंडं असतात, ती बुजतात आणि काजळाचे कण लेन्सखाली जातात. लेन्स आधी, मेकअप नंतर. उतरवताना लेन्स आधी, मेकअप नंतर. दोन्ही वेळा लेन्सच आधी, पाठ करायला सोपं.

रंगपंचमी आणि विसर्जनाची मिरवणूक: चष्मा. गुलालाचा कण मऊ लेन्समध्ये रुतला की धुतल्याने जात नाही, लेन्स फेकावी लागते.

काजवा

दुचाकीवर हेल्मेटची काच खाली. वारा लेन्स सुकवतो, आणि चिलट गेलं तर लेन्सखाली अडकतं. शेतात मळणी, ऊसतोड, गवत कापणी करताना लेन्स नको, साधा संरक्षक चष्मा घाला. पात लागून झालेली बारीक जखम आपल्याकडे बुरशीला वाट करून देते, आणि ती बुरशी फार चिवट असते.

पाटीपेन्सिल

कॉलेजच्या मुली ब्युटी पार्लरमधून झीरो नंबरच्या रंगीत लेन्स आणतात. नंबर नाही म्हणजे धोका नाही ना?

तिरकसभिंग

लेन्सचा धोका नंबरावर अवलंबून नसतो. बुबुळाचा बाक मोजलेला नाही, निगा शिकवलेली नाही, आणि बहुतेक वेळा एकच जोडी मैत्रिणींत फिरते. एकीचे जंतू दुसरीच्या डोळ्यात. फिटिंग, स्वतःची जोडी, स्वतःची डबी हे रंगीतलाही तेवढंच लागू.

मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर डोळे कोरडे पडतात. कोर्स संपेपर्यंत लेन्स थांबवा. सर्दीच्या गोळ्यांनीही कोरडं होतं, पण तेवढ्यापुरतं.

खटपट्या

केरॅटोकोनसवाल्यांसाठी एक ओळ. बुबुळ शंकूसारखं पुढे येत असेल तर मऊ लेन्स त्याच आकाराला चिकटते आणि नजर वाकडी ती वाकडीच. तिथे सेमी-सॉफ्ट, म्हणजे कडक पण प्राणवायू जाऊ देणारी लेन्स लागते. तिच्याखालच्या अश्रूंनी खड्डे-उंचवटे भरून निघतात. पुढच्या टप्प्यात पांढऱ्यावर टेकणारी मोठी स्क्लेरल लेन्स. चष्म्याचा सिलिंडर दर सहा महिन्यांना वाढत असेल तर लेन्सच्या दुकानात जाण्याआधी टोपोग्राफी (बुबुळाच्या आकाराचा नकाशा) करून घ्या.

आणि लेसिकचा, म्हणजे लेझरने नंबर घालवायचा, विचार असेल तर मोजमापाआधी मऊ लेन्स निदान आठवडा-दोन आठवडे बंद, सेमी-सॉफ्ट तीन-चार आठवडे. लेन्सने बुबुळाचा आकार तात्पुरता बदललेला असतो, मोजमाप चुकतं.

सोनचाफा

शेवटचा प्रश्न. लेन्स घालून झोप लागली तर? दुपारची डुलकी, प्रवासात वगैरे.

काजवा

जाग आल्याबरोबर ओढून काढायची नाही. थेंब टाका, दहा मिनिटं थांबा, हलली की काढा, आणि तो दिवस चष्म्यावर.

सवय मात्र लावून घेऊ नका. अमेरिकेत १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, फक्त दिवसा मऊ लेन्स घालणाऱ्यांत वर्षाला १० हजारांमागे ४.१ जणांना बुबुळावर व्रण झाला, झोपेतही ठेवणाऱ्यांत २०.९ जणांना. लेन्स सुधारल्या तरी झोपेतला धोका गेलेला नाही.

काढल्यावर लाली, दुखणं, उजेड सहन न होणं किंवा धूसर दिसणं यातलं काहीही राहिलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. लेन्स आणि डबी फेकू नका, सोबत न्या, त्यातून जंतू ओळखता येतो. मेडिकलवाल्याकडून 'डोळे लाल झालेत' म्हणून थेंब आणू नका. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. लाली दोन दिवसांत उतरते आणि खालची बुरशी किंवा अमीबा निवांत पसरतो. डोळ्यावर पट्टीही बांधू नका.

सोनचाफा

आणि बुबुळाला काही नाही, फक्त काढल्यावर खाज येते, असं असेल तर?

तिरकसभिंग

काढल्यावर खाज, सकाळी चिपडं, आणि लेन्स वर वर सरकतेय असं वाटणं, हे तिन्ही एकत्र असतील तर वरच्या पापणीत दाणे आलेत. जुन्या लेन्सवरच्या प्रथिनांची ती प्रतिक्रिया. लेन्स दोन ते चार आठवडे बंद, पापणी उलटून दाखवायची, दाणे बसले की रोजच्या लेन्सवर यायचं. जुनी जोडी परत घालायची नाही, कितीही दिवस उरले असले तरी.